जुनी मोटार आधी घाट चढवून पाहा

बुलडाणा : सोयाबीन आणि कापसाचा पैसा हाती आला की जिल्ह्यातील अनेक घरांत मोटारीचा विषय निघतो. नवी मोटार आवाक्याबाहेर असल्याने नजर जुन्या मोटारीकडे वळते. व्यवहार बहुधा ओळखीतून होतो. संध्याकाळी चहा होतो, धुऊन-पुसून लख्ख केलेली मोटार दाखविली जाते, चौकापर्यंत एक चक्कर मारली जाते आणि इसार दिला जातो. काही लाखांची पुंजी अशी अर्ध्या तासात दुसऱ्याच्या हवाली होते.

वास्तविक मोटार पाहायला सकाळी जावे आणि आपण येण्यापूर्वी ती सुरू करू नये, असे मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. बॉनेट कोमट लागले, तर कोणीतरी आधीच इंजिन तापवून ठेवले आहे, असे समजावे. थंड इंजिन आपले दुखणे लपवू शकत नाही. ऑइलची पट्टी ओढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात कूलंट मिसळत असण्याची शक्यता असते आणि ती दुरुस्ती मोठ्या खर्चाची ठरते. सुरू होताना सायलेन्सरमधून निळसर धूर आला, तर इंजिन ऑइल जाळत आहे. हिवाळ्यात पांढरी वाफ काही मिनिटांत विरते. ती दाटच राहिली तर संशय घ्यावा. चावी फिरविताच एअरबॅगचा दिवा लागून काही क्षणांत विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर एअरबॅग ठीक आहे असा त्याचा अर्थ नव्हे; दिवाच काढून टाकलेला असू शकतो.

किलोमीटरच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नये. डिजिटल मीटरही मागे घेता येतो. मीटर तीस हजार दाखवीत असेल आणि क्लचच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल, तर रबरावर विश्वास ठेवलेला बरा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. काचांवरही निर्मितीच्या वर्षाची खूण असते. एखादीच काच वेगळ्या वर्षाची असली तर ती का बदलली, हे विचारावे. दगड लागूनही काच फुटते, परंतु त्याच बाजूच्या दाराच्या रंगात फरक असेल आणि बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर पाना फिरल्याच्या खुणा असतील, तर अपघाताची शंका घेण्यास जागा आहे. ठोकलेल्या पत्र्यावर पुट्टीचा जाड थर असेल तर तेथे लोहचुंबक नीट धरत नाही.

पुरात बुडालेल्या मोटारी ओळखणे अधिक अवघड. २००५ साली मुंबईत, २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ साली चिपळूण-महाडमध्ये असंख्य वाहने पाण्याखाली गेली. जुलै २०२३ मध्ये जिल्ह्यातील संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांनीही पूर अनुभवला. अशा मोटारी दुरुस्त होऊन लांबच्या गावी विकल्या जाऊ शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. धुणाऱ्याचा हात तेथवर सहसा पोहोचत नाही आणि चिखलाची रेघ तशीच राहते. डिकीतील स्टेपनी उचलून खालचा गंज आणि गाळ पाहावा.

यानंतर रस्ता. चौकातील चक्कर काहीच सांगत नाही. घाटावर आणि घाटाखाली अशा दोन भागांत वसलेल्या या जिल्ह्याला परीक्षेचे मैदान मात्र आयते लाभले आहे. बुलडाण्याहून मोताळ्याकडे जाणारा राजूर घाट चार माणसे बसवून, एसी सुरू ठेवून चढावा. इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाल्यास क्लच संपत आला आहे. तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर उन्हाळ्यात मलकापूर-खामगावच्या रस्त्यावर काय होईल याची कल्पना करावी. उतरताना ब्रेक दाबल्यावर मोटार एका बाजूला ओढते का, तेही कळते. मालक घाटात न्यायला नकार देत असेल, तर त्यातूनही बरेच कळते.

कागदपत्रांचा भाग लोक शेवटी पाहतात. नोंदणी पुस्तकातील चासी आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष मोटारीवर वाचून ताडून घ्यावेत. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणीची तारीख, विमा आणि कर्जाचा बोजा दिसतो. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. थकीत ई-चलनेही तपासावीत.

विकणाऱ्यानेही सावध असावे. मोटार अनेक हातांतून गेली, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली आणि २००९ साली तिच्या अपघातात एका मुलाचा मृत्यू झाला, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या निकालात नोंदणीकृत मालकालाच भरपाईसाठी जबाबदार धरले. नमुना २९ आणि ३० वर केवळ सह्या करून कागद दलालाकडे ठेवण्याची रीत म्हणूनच धोक्याची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा विमा नावावर करून घेण्यासाठीही १४ दिवसांचीच मुदत आहे. आणि जुन्या मालकाची नो-क्लेम सवलत त्याच्याबरोबरच जाते, मोटारीबरोबर येत नाही.