मुकं झालेलं टुकटुक

मोटारसायकलला फटफटी आणि आगगाडीला झुकझुकगाडी म्हणणाऱ्या मराठी माणसाला बँकॉकच्या रस्त्यावर पाऊल ठेवताच एक नातलग भेटतं. त्याचं नाव टुकटुक. सरकारदरबारी ते ‘सामलो’, म्हणजे सरळसाधी तीनचाकी. पण जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाचा टुक्-टुक्-टुक् असा आवाज ऐकून लोकांनी त्याचं परस्पर बारसं करून टाकलं आणि तेच नाव जगभर गेलं. आता मात्र या नावाची पंचाईत झाली आहे. बँकॉकमध्ये विजेवर चालणारी टुकटुकं आली आहेत आणि ती टुकही करत नाहीत. फटफट न करणाऱ्या फटफटीला काय म्हणायचं, तसाच हा प्रश्न.

या वाहनाचं मूळ जपानचं. दाइहात्सू कंपनीने १९५७ साली ‘मिजेट’ नावाची छोटी मालवाहू तीनचाकी बाजारात आणली आणि ती थोड्याच वर्षांत थायलंडला पोचली. १९६०मध्ये बँकॉकच्या रस्त्यांवर सायकलरिक्षांना बंदी झाली आणि त्या मोकळ्या जागेत ही मोटारवाली तीनचाकी शिरली. आपल्या रिक्षेचं घराणं इटलीचं, पियाज्योचं, यांचं जपानचं. त्यामुळे चेहरेपट्टी वेगळी, स्वभाव मात्र एकच. चिंचोळ्या गल्लीत घुसणं, बसच्या कुशीतून निसटणं आणि गिऱ्हाइकाशी गप्पा मारत घासाघीस करणं, हे दोघांनाही सारखंच येतं.

साठी ओलांडलेल्यांनी परदेशात कसं हिंडावं, हा आमच्या घरातला जुना वादाचा विषय. मोठ्या बसमधून शहर दिसतं, पण काचेआडून. पायी दिसतं ते खरं, पण सौभाग्यवतींचे गुडघे त्याला मंजुरी देत नाहीत. म्हणून आम्ही विजेच्या टुकटुकातून निघणारी अर्ध्या दिवसाची सहल निवडली. सोबत इंग्रजी बोलणारी एक तरुण मार्गदर्शिका आणि पन्नाशीच्या पुढचा चालक. ती त्याला ‘लुंग’ म्हणायची. लुंग म्हणजे आईवडिलांहून वडीलधारे काका. सौभाग्यवतींना तिने पहिल्या दहा मिनिटांत ‘पा’ म्हणजे मावशी करून टाकलं. अनोळखी माणसाला नात्यात ओढल्याशिवाय ज्यांना बोलता येत नाही, अशा लोकांत मराठी माणूस फार काळ परका राहत नाही.

पहिला मुक्काम चायनाटाऊनच्या तोंडाशी असलेल्या वाट त्राइमितचा. ‘वाट’ म्हणजे बौद्ध विहार. इथे साडेपाच टन वजनाची सोन्याची बुद्धमूर्ती आहे. कित्येक वर्षं ती चुन्याच्या गिलाव्याखाली झाकलेली होती आणि सारे तिला साधी मूर्तीच समजत होते. १९५५ साली दुसऱ्या जागी हलवताना ती दणकन खाली बसली, गिलाव्याचा टवका उडाला आणि आतून सोनं चमकलं. ब्रह्मदेशाच्या फौजांच्या हाती पडू नये म्हणून कुणीतरी तिला चुन्याने लिंपलं असावं, असं मानतात. सोनंतारण कर्जाच्या काउंटरवर मी काही वर्षं काढली आहेत. वरून सोनं आणि आतून भलतंच, असे नमुने तिथे पाहिले होते. वरून चुना आणि आत सोनं, हा प्रकार मात्र प्रथमच पाहिला. हात जोडताना मनात आलं, ज्यांनी हा चुना फासला त्यांची नावंही कुठे उरली नाहीत. असं गुपित सांभाळून निघून जाणारी माणसंही देशाची संपत्तीच.

तिथून वाट फोला आलो. इथला निद्रिस्त बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच. त्याला एका नजरेत पाहताच येत नाही. चेहऱ्यापासून पावलांपर्यंत चालतच जावं लागतं. तळपायांवर शिंपल्याच्या जडावकामात १०८ शुभचिन्हं कोरली आहेत. भिंतीलगत १०८ काशाची पात्रं ठेवलेली. भाविक प्रत्येकात एकेक नाणं टाकत पुढे जातात. त्या नाण्यांचा नाद ओळीने, न थांबता चालू असतो. आवारात ऋषींच्या छोट्या मूर्ती आहेत. थाई भाषेतही त्यांना ‘रुसी’च म्हणतात. कुणी पाय ताणतो आहे, कुणी मान वळवतो आहे. हे सगळे शरीर मोकळं करण्याचे प्रकार. राजा तिसरा राम याने एकोणिसाव्या शतकात इथे वैद्यकापासून काव्यापर्यंतचं ज्ञान दगडावर कोरून सर्वांसाठी खुलं केलं. सौभाग्यवती एका ऋषीपुढे बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, “आपल्या डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम हा रोज करतोय, बघा!”

उन्हं उतरताना ता तियनच्या धक्क्यावरून चाओ फ्राया नदीपलीकडे वाट अरुण दिसलं. अरुण म्हणजे आपलाच, सूर्याचा सारथी. चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी हे उंच शिखर मढवलेलं आहे. फुटक्या कपबश्यांतून असं देखणं काम उभं राहतं, हे पाहून आमच्या घरातल्या फुटक्या बश्यांची मला उगीचच कणव आली.

विजेच्या टुकटुकाचा खरा गुण कळला तो पाक ख्लोंगच्या फुलबाजारात. तिथे झेंडूचे ढीग, कमळाच्या कळ्यांच्या जुड्या आणि मोगऱ्याच्या माळा. माळेला थाई शब्द ‘मालै’. इंजिनाची धडधड नाही, धूर नाही, त्यामुळे आधी मोगऱ्याचा वास येतो आणि मग बाजार दिसतो. अडचण एवढीच, की मागून वाहन येतंय हे कुणाच्या कानांवरच पडत नाही. डोक्याइतके उंच हारे ढकलणारे हमाल आपल्याच नादात. हॉर्न वाजवणं लुंगना बरं वाटेना. मग त्यांनी काय करावं? मान किंचित पुढे काढून ते तोंडानेच म्हणू लागले, “टुक, टुक, टुक...” हमाल हसून बाजूला झाले. जुन्या गाडीचा आवाज त्यांनी असा जपून ठेवला होता.

अंधार पडता पडता सहल साओ चिंग चा, म्हणजे महाझोपाळ्यापाशी आली. २० मीटरहून उंच असे लालभडक सागवानी खांब, वर कोरीव तुळई आणि झोपाळा मात्र नाही. शिवाच्या स्वागतासाठी इथे पूर्वी ब्राह्मणांचा उत्सव होई. तरुण झोके घेत घेत उंचावर टांगलेली नाण्यांची थैली दातांत पकडायला झेपावत. १९३५ साली ही प्रथा बंद झाली. खांब जीर्ण झाले तेव्हा नवीन सागवान आणून २००७मध्ये ते पुन्हा उभे केले. जवळच १७८४ सालचं देवस्थान आहे. त्याचं नावही ‘देवस्थान’च, थाई उच्चार तेवढा वेगळा. राजघराण्याची वैदिक कर्मं पाहणाऱ्या ब्राह्मणांचं हे ठाणं.

झोपाळ्यासमोर नगरपालिकेचं कार्यालय आहे. तिथे मार्गदर्शिकेने शहराचं पूर्ण नाव एका दमात म्हणून दाखवलं. बँकॉक हे नाव परक्यांसाठी. थाई माणूस म्हणतो क्रुंगथेप, देवांचं नगर. १७८२ साली पहिल्या रामाने राजधानी वसवली. तिचं जे लांबलचक नाव रूढ झालं, ते रोमन लिपीत लिहिलं तर १६८ अक्षरांचं होतं. मी तिला शब्द सावकाश म्हणायला सांगितले. अमोन म्हणजे अमर. महिंथरायुत्थया म्हणजे महेंद्र-अयोध्या. नोप्फरत राजथानी म्हणजे नवरत्न राजधानी. उदोम राजनिवेत म्हणजे उत्तम राजनिवेश. शेवटी हे नगर शक्राने दिलं आणि विश्वकर्म्याने बांधलं, असा हवाला. आमची तोंडं पाहून ती विचारू लागली, “तुम्हाला हे कळतं?” तिला स्वतःला, ती म्हणाली, लहानपणी हे गाण्यासारखं पाठ झालं होतं. शब्द आपल्याकडचे, पण दोनशेहून अधिक वर्षं सांभाळले त्यांनी.

जवळच्या सुवर्णगिरीवर मी एकटाच चढलो. ३४४ पायऱ्या. वरच्या स्तूपात बुद्धाचे अवशेष आहेत. ते आजच्या उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवा इथे १८९८मध्ये उत्खननात मिळाले आणि भारतातल्या ब्रिटिश सरकारने राजा चुलालोंगकोर्नला भेट दिले. वर वारा होता, घंटा किणकिणत होत्या आणि खाली दिव्यांचं शहर पसरलं होतं.

खाली आलो तर सौभाग्यवती आणि लुंग यांच्या गप्पा रंगलेल्या. मार्गदर्शिका दुभाषी. लुंगनी वीस वर्षं गॅसवर चालणारं टुकटुक हाकलं. गाडी मालकाची, रोजचं भाडं आधी मोजायचं, मग उरेल ते आपलं. कमाई नसली की मोह पडायचा. “आज मंदिर बंद आहे,” असं सांगून गिऱ्हाइकाला रत्नांच्या दुकानात न्यायचं आणि दुकानदाराकडून कमिशन घ्यायचं, हा बँकॉकमधला जुना धंदा. “मी केलं नाही असं म्हणणार नाही,” ते म्हणाले. आता ते सहलीच्या कंपनीत पगारावर आहेत. खोटं बोलावं लागत नाही, रात्री कानात इंजिन वाजत नाही, झोप लागते. पण मग हळूच म्हणाले, “तेव्हाही गाडी माझी नव्हती, आताही नाही.”

हे वाक्य माझ्यातल्या बँकवाल्याला लागलं. तालुक्याच्या गावी शाखाधिकारी असताना मी रिक्षांना कर्जं दिली. परमिट आणि बिल्ला असलेला माणूस, दोन जामीनदार आणि मागच्या पत्र्यावर ‘बँकेच्या अर्थसाहाय्याने’ ही रंगवलेली ओळ. कागदोपत्री रिक्षा बँकेकडे नजरगहाण. शेवटचा हप्ता भरून ना हरकत दाखला घ्यायला माणूस यायचा तेव्हा पेढे आणायचा. दुसऱ्या दिवशी रिक्षा शाखेसमोरून जायची, ती ओळ पुसलेली आणि जागी ‘आईचा आशीर्वाद’. वसुलीच्या तक्त्यात या आनंदाला रकाना नव्हता. पण पुढच्या वर्षी त्याचा मुलगा शाळेच्या फीसाठी बचत खातं उघडायचा, तेव्हा त्या पुसलेल्या ओळीची किंमत कळायची.

विजेचं वाहन आलं की हा हिशेब बदलतो. इंधनाचा रोजचा खर्च घटतो, दुरुस्ती कमी होते. पण गाडीच्या किमतीत मोठा वाटा बॅटरीचा, आणि ती वर्षागणिक थकत जाते. कर्जाचे हप्ते संपण्याआधीच बॅटरी थकली, तर चालकाने एका हाताने जुनं कर्ज फेडायचं आणि दुसऱ्याने नवं काढायचं. ज्याच्यामागे भांडवल आहे त्या कंपनीला हे पेलतं, एकट्या लुंगला पेलत नाही. म्हणून नव्या गाड्या कंपन्यांच्या आणि चालक पगारी, अशी वाट सोपी होते. पगाराला मी नावं ठेवणार नाही; मी स्वतः जन्मभर तोच घेतला. पण हवा स्वच्छ करता करता चालक-मालक हा जोडशब्दच पुसला जाऊ नये.

आपल्याकडेही हीच वेळ आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली महिलांसाठी पिंक ई-रिक्षा योजना आणली. तिच्यात २० टक्के अनुदान, ७० टक्के बँकेचं कर्ज आणि १० टक्के लाभार्थी महिलेचा वाटा. म्हणजे गाडी तिची. ही मांडणी मला पटते. मात्र कर्ज मंजूर करणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना एकच विनंती: हप्त्यांची मुदत ठरवताना बॅटरीची हमी किती वर्षांची, हे आधी वाचा. दोन्हींचा मेळ बसला, तरच त्या बाईंच्या घरी पेढे वाटले जातील.

सहल संपली ती यावराट रस्त्यावर, चिनी खानावळींच्या लखलखाटात. बक्षिशी देताना लुंगनी दोन्ही हात जोडून ‘वाय’ केला, आम्हीही नमस्कार केला. करायला दोन्ही एकच. मग ते टुकटुक आवाज न करता गर्दीत शिरलं. त्याच्या मागच्या पत्र्यावर कंपनीचं नाव झळकत होतं. खाली ‘आईचा आशीर्वाद’ लिहायला पुरेल एवढी जागा अजून मोकळी होती.