धामणीचं धनुष्य: सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

काशीमिऱ्याहून घोडबंदर रस्त्याने ठाण्याकडे निघालं की उजव्या हाताला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या लागतात. मीरा-भाईंदरची एक कडा या जंगलाला टेकली आहे, दुसरी उत्तनच्या समुद्राला. इथल्या इमारतींत वाढलेल्या मुलांनी धनुष्य पाहिलेलं असतं ते मालिकांत, वारली चित्रांत किंवा दसऱ्याच्या बाजारात. त्यात ऑगस्ट २०२३मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विजेते ठरले. मग कुणाला तरी वाटतं, आपण साधं लाकडी धनुष्य घरीच करून पाहावं. वाटण्यात गैर काही नाही, पण ऐकीव माहितीवर सुरुवात केली की लाकूड तरी मोडतं किंवा कायदा तरी.

गैरसमज १: धनुष्याला परदेशी ‘यू’ झाडाचं लाकूड लागतं, नाहीतर निदान साग-शिसव.

वस्तुस्थिती: यूचा दबदबा इंग्रजांच्या लांब धनुष्यांमुळे झाला. १५४५मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेच्या अवशेषांत १३७ अखंड धनुष्यं मिळाली, ती यूचीच. पण खुद्द इंग्लंडला यू बाहेरून आणावं लागे. १४७२च्या एका कायद्याने तिथल्या बंदरांत येणाऱ्या व्यापारी जहाजांवर दर टन मालामागे चार धनुष्यदांडे आणण्याची सक्ती केली होती. डेन्मार्कमधल्या होल्मगार्डच्या दलदलीत सापडलेली सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची धनुष्यं तर एल्मची आहेत. ज्याला जे जवळ मिळालं, त्याने त्याचं केलं.

आपल्याकडे असं जवळचं झाड म्हणजे धामण, फालशाच्या कुळातलं. सह्याद्रीच्या पानझडी जंगलात ते वाढतं, त्याची वाटाण्याएवढी काळसर फळं खातात आणि आतल्या सालीच्या तंतूंचे दोर वळतात. लाकूड जड, सरळ धाग्याचं आणि चिवट. म्हणून कुऱ्हाडी-कुदळींचे दांडे, वल्ही आणि गाड्यांच्या दांड्या यांसाठी त्याला मागणी असे. जो दांडा हजार घाव सोसून तडकत नाही, त्यात धनुष्याला लागणारा गुण आलाच: वाकायचं आणि पुन्हा सरळ व्हायचं. सागाचं मोठेपण वेगळं आहे. तो वाळवीला दाद देत नाही आणि ऋतूगणिक फारसा फुगत-आकसत नाही. दारं-खिडक्यांना हे हवंच, पण धनुष्याची परीक्षा वेगळी. ओढताना त्याची निशाणाकडची बाजू ताणली जाते, तिरंदाजाकडची दाबली जाते, आणि दोन्हींनी हे एकाच वेळी सहन करायचं असतं. नुसता टणकपणा इथे उपयोगाचा नाही.

गैरसमज २: ओली फांदी छान वाकते, म्हणजे धनुष्य ओल्या लाकडाचंच करावं.

वस्तुस्थिती: ओलं लाकूड वाकतं आणि वाकलेलंच राहतं. ताज्या फांदीला दोरी बांधून केलेलं धनुष्य संध्याकाळपर्यंत मरगळतं ते यामुळेच. धनुष्याच्या लाकडात ओलावा साधारण ८ ते १२ टक्के असावा. भाईंदरसारख्या खाडीकाठच्या गावात इथेच गाडं अडतं, कारण लाकूड हवेतली आर्द्रता पाहून स्वतःचा ओलावा ठरवतं. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर लाकूड १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, पावसाळ्यातल्या ८५ टक्क्यांत ते १८ टक्क्यांपर्यंत चढतं. पुण्या-नगरकडच्या माणसाचा अनुभव म्हणून इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

उपाय साधा आहे. दांडा उभा चिरून घ्यायचा, दोन्ही टोकांना रंग किंवा फेव्हिकॉल फासायचं, म्हणजे टोकं आधी वाळून तडकत नाहीत. मग तो उन्हात न टाकता सावलीत, वारा खेळेल असा आडवा ठेवायचा. दर आठवड्याला वजन करायचं आणि वजन उतरायचं थांबलं की लाकूड त्या हवेपुरतं वाळलं असं समजायचं. शेवटचं काम हिवाळ्यात किंवा कोरड्या उन्हाळी दिवसांत काढलेलं बरं. तेल किंवा वॉर्निश लावलं की दमटपणाचा प्रश्न मिटला, हेही खरं नाही. त्याने ओलावा शिरण्याचा वेग कमी होतो, शिरणं थांबत नाही. जुलैत तेच धनुष्य जरा मऊ लागलं, तर दोष हवेचा.

गैरसमज ३: जितकं जाड, तितकं मजबूत.

वस्तुस्थिती: रुंदी दुप्पट केली तर धनुष्याचा ताठपणा दुप्पट होतो, जाडी दुप्पट केली तर आठपट. जाडी फक्त दहा टक्क्यांनी उतरवली की ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. म्हणूनच शेवटच्या टप्प्यात रंध्याचा एक जास्तीचा हात सगळं बिघडवतो.

शिवाय जाड दांडा वाकवताना त्याच्या बाहेरच्या थरावर ताण जास्त येतो, त्यामुळे तो लवकर मोडतो. नवशिक्याचं धनुष्य सुरक्षित होतं ते लांबी आणि रुंदीमुळे. तीर २८ इंच ओढायचा असेल तर धनुष्य ६६ इंच, म्हणजे साडेपाच फूट असलेलं बरं. ही लांबी आपल्याकडे नवी नाही. सिकंदराच्या आरमाराचा प्रमुख निआर्कस याच्या आधारे एरियनने लिहून ठेवलं आहे, की हिंदी पायदळाचं धनुष्य तिरंदाजाच्या उंचीएवढं असे आणि ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबत ओढलं जाई.

गैरसमज ४: दांडा चारी बाजूंनी तासून गुळगुळीत केला की धनुष्य तयार.

वस्तुस्थिती: निशाणाकडची बाजू, म्हणजे धनुष्याची पाठ, शक्यतो तासायचीच नाही. धामणीच्या सरळ दांड्याची साल काढल्यावर जो पृष्ठभाग मिळतो तीच पाठ. तिथले धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असतात. पटाशीने ते कापले की ओढताना नेमकं तिथूनच लाकूड उचकटतं. दांडा निवडतानाच सालीवरच्या रेषा पाहाव्यात. त्या पिळलेल्या असतील तर आतलं लाकूडही पिळलेलं असतं. गाठी टाळाव्यात.

सगळं तासकाम पोटाच्या, म्हणजे तिरंदाजाकडच्या बाजूने. आधी कोयता किंवा रंधा, मग कानस, शेवटी काचेचा तुकडा किंवा पॉलिश पेपर. मुठीच्या दोन्हीकडच्या भुजा सारख्या वाकवणं हाच या कामाचा जीव आहे, आणि सर्वाधिक धनुष्यं इथेच मोडतात. धनुष्य मधोमध खुंटीवर टेकवून, सैल दोरीने थोडंसंच खाली ओढायचं आणि दुरून पाहायचं. जिथे भाग ताठ दिसेल तिथे खरडायचं, जिथे जास्त वाकतोय तिथे हातही लावायचा नाही. प्रत्येक खरडणीनंतर वीस-तीसदा हलकं वाकवून घ्यायचं, म्हणजे केलेला बदल लाकडात उतरतो. दोरीला ताणकाटा लावावा आणि जितका जोर शेवटी हवा, त्यापुढे एकदाही ओढू नये. पहिल्या धनुष्याला २० ते २५ पौंड पुष्कळ झाले.

गैरसमज ५: बांबूचं धनुष्य म्हणजे हलकं, पोरखेळाचं.

वस्तुस्थिती: बांबू हे मुळात लाकूड नव्हे, ते गवत आहे, पण ताण सोसण्यात तो पुष्कळ लाकडांना मागे टाकतो. त्याचे बळकट तंतू बाहेरच्या हिरव्या सालीखाली दाट असतात आणि आत विरळ होत जातात. म्हणून सालीची बाजू निशाणाकडे ठेवली की ताण तिथल्या तंतूंवर जातो. भिल्लांच्या कामठ्याची, म्हणजे धनुष्याची, दोरीसुद्धा परंपरेने बांबूच्याच पट्टीची असे. देशातल्या स्पर्धांमध्ये ‘इंडियन राउंड’ हा प्रकार आजही बांबूच्या किंवा लाकडी साध्या धनुष्यानेच, ३० आणि ५० मीटरवरून खेळला जातो.

गैरसमज ६: रिकाम्या धनुष्याचा टणत्कार करून पाहायला हरकत नाही.

वस्तुस्थिती: हा धडा पौराणिक मालिकांनी दिला आणि कित्येक धनुष्यांनी त्याची किंमत मोजली. ओढलेल्या धनुष्यात साठलेली शक्ती तीर घेऊन जातो. तीर नसेल तर ती भुजांतच परत आदळते आणि लाकूड फुटतं, ढलपी डोळ्यात जाऊ शकते. तीर फार हलका असला तरी धोका तोच. देवदेवतांच्या चित्रांत धनुष्य कायम चढवलेलं दिसतं, तेही प्रत्यक्षात करू नये. काम झालं की दोरी उतरवून ठेवावी, नाहीतर लाकूड त्याच आकाराला सरावतं.

गैरसमज ७: जंगल शेजारीच आहे, एक दांडा तोडला तर काय बिघडतं?

वस्तुस्थिती: बरंच बिघडतं. राष्ट्रीय उद्यानातून लाकूड किंवा इतर वनोपज काढणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२नुसार निषिद्ध आहे. त्याच कायद्यातल्या ‘शस्त्र’ या व्याख्येत धनुष्यबाणाचं नाव स्पष्ट आहे आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन उद्यानात शिरता येत नाही. तेव्हा तयार धनुष्य ‘फक्त सरावाला’ उद्यानाच्या हद्दीत नेणंही गुन्ह्यात मोडतं, आणि त्याने शिकार करणं हा तर फार मोठा गुन्हा.

सोसायटीच्या आवारातलं झाडही आपल्या मर्जीने तोडता येत नाही. महाराष्ट्राच्या १९७५च्या नागरी वृक्ष कायद्यानुसार महापालिका हद्दीत त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. खाडीकाठच्या तिवरांकडे तर पाहूही नये. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यभर त्यांच्या तोडीवर बंदी घातली आहे.

मग सुरुवात कशाने करावी? बांबूने. वन क्षेत्राबाहेर वाढलेला बांबू २०१७च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन अधिनियमाच्या लेखी ‘झाड’ राहिलेला नाही, आणि मांडवासाठी किंवा परांचीसाठी लागणारा बांबू वखारीत सरळ विकत मिळतो. जाड सालीचा, जुना, वाळलेला, किडीची भोकं नसलेला निवडावा. तो स्वस्त आहे, मोडला तर जीव हळहळत नाही आणि दोन्ही भुजा सारख्या कशा करायच्या, हे हाताला त्यातच कळतं. त्यानंतर गावाकडच्या स्वतःच्या शेतात धामण असेल आणि तोडीची रीतसर परवानगी मिळाली, तर एक सरळ दांडा सावलीत वाळत घालावा. नेम धरायला मात्र इमारतीची गच्ची किंवा बाग वापरू नये. तीर चुकला तर कुठे जाईल याचं उत्तर आधी माहीत असलेली मोकळी जागा किंवा प्रशिक्षकाची देखरेख असलेलं मैदानच हवं.