स्वादुपिंडातली पुटं

टाइप टू मधुमेह असलेल्या रुग्णाच्या स्वादुपिंडाचा पातळ काप काँगो रेडने रंगवून ध्रुवित प्रकाशात पाहिला, तर इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या बेटांत बऱ्याचदा हिरवट चमक दिसते. ते असतं अमायलॉइड. यूजीन ओपी यांनी १९०१ मध्येच ही पुटं नोंदवली होती. त्यातलं प्रथिन, अमायलिन, ओळखायला मात्र १९८७ साल उजाडलं.

इन्सुलिनबरोबरच बीटा पेशी अमायलिनही सोडतात. इन्सुलिनला शरीर दाद देईना, की दोन्हींचं उत्पादन वाढतं. मग अमायलिनचे रेणू एकमेकांना चिकटून तंतू होतात आणि पेशी मरू लागतात. उंदरांत असं होत नाही, मांजरांत होतं! उंदराच्या अमायलिनमध्ये मोक्याच्या जागी प्रोलिन हे अमिनो आम्ल असतं, ते चिकटू देत नाही. याच युक्तीवर प्रॅमलिंटाइड हे इंजेक्शन बेतलं. पण साचलेलं पुट ते काढत नाही. तसं मान्यताप्राप्त औषध अजून नाही.

हातात आहे ते पेशींवरचा ताण कमी करणं: वजन, व्यायाम, वेळेवर औषध. ‘स्वादुपिंड साफ करणाऱ्या’ चूर्णांच्या नादी लागून चालू गोळ्या कृपया बंद करू नका.