अस्वलाचा घास
योसेमिटीतील एका लोखंडी पेटीचा इतिहास

सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन होजे परिसरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी मंडळी उन्हाळ्यातला एखादा शनिवार-रविवार योसेमिटीच्या जंगलात तंबू ठोकून काढतात. सोबत मित्रांची दोन-तीन कुटुंबे असतात, कधी पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणेही असतात. गाडीने चारेक तासांचा रस्ता. तंबूची जागा मात्र बरेच महिने आधी ऑनलाइन पटकवावी लागते आणि एका जागेवर सहांपेक्षा जास्त माणसे राहू शकत नाहीत. एवढा खटाटोप करून माणूस जातो तो ग्रॅनाइटचे उभे कडे, धबधबे आणि उंच झाडे पाहायला. पण मुक्कामी पोहोचल्यावर त्याला पहिल्यांदा कामाला लावते ती तंबूशेजारची एक लोखंडी पेटी. साधारण ४५ इंच रुंद, ३३ इंच खोल आणि १८ इंच उंच. तिची खिट्टी अशी बनवलेली असते की माणसाच्या बोटांना ती उघडता येते, अस्वलाच्या पंजाला नाही.

या पेटीत काय ठेवायचे, याची यादी नवख्याला चक्रावून टाकते. चिवडा, भाजणी, लोणचे हे समजण्यासारखे आहे. पण टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, डोक्याला लावायचे तेल, तान्ह्या मुलाला पुसायचे ओले कागद, न फोडलेले डबाबंद पदार्थ, एवढेच काय, रिकामा कूलरसुद्धा पेटीतच गेला पाहिजे. ज्याला वास येतो किंवा जे दिसायला अन्नासारखे आहे, ते सगळे अन्नच, असा तिथला हिशेब. दिवसा गाडीत काचा लावून, नजरेआड अन्न ठेवता येते. अंधार पडल्यावर तेही चालत नाही.

‘अस्वल माणसाला खाईल म्हणून एवढा बंदोबस्त’ असा पाहुण्याचा समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. योसेमिटीतले अस्वल हे ‘अमेरिकन काळे अस्वल’. नाव काळे असले तरी इथली बहुतेक अस्वले तपकिरी असतात. सुमारे ३,००० चौरस किलोमीटरच्या या उद्यानात त्यांची संख्या तीनशे ते पाचशेच्या आसपास मानली जाते. आजवर इथल्या काळ्या अस्वलाने कोणाचा जीव घेतलेला नाही. उलट १९७७ मध्ये एक लहान मूल दगावले ते हरणाच्या हल्ल्यात. मग पेटी कोणाच्या रक्षणासाठी? मुख्यतः अस्वलाच्या. हे समजून घ्यायचे तर शंभर वर्षे मागे जावे लागते.

माणसांनी मांडलेली पंगत

योसेमिटी खोऱ्याला पहिले संरक्षण मिळाले १८६४ मध्ये, अब्राहम लिंकन यांच्या सहीने; राष्ट्रीय उद्यान झाले ते १८९० मध्ये. उद्यानांचा कारभार पाहणारी ‘नॅशनल पार्क सर्व्हिस’ १९१६ मध्ये स्थापन झाली. नव्या खात्यापुढे प्रश्न होता तो लोकांना उद्यानांकडे वळवण्याचा. लोक आले तर पैसा मिळणार आणि उद्यान टिकणार. आणि लोकांना हवी होती अस्वले.

१९२० च्या दशकात योसेमिटीत संध्याकाळचा एक खेळच सुरू झाला. हॉटेलांतले खरकटे ठरलेल्या जागी आणून टाकायचे, त्यावर दिव्यांचा झोत सोडायचा आणि पर्यटकांनी समोर बसून अस्वलांची पंगत पाहायची. यलोस्टोनमध्ये तर अशा खेळांसाठी बाकांच्या रांगा मांडलेल्या असत. रस्त्याकडेला गाडी थांबवून हाताने बिस्किट भरवणे हीही नित्याची गोष्ट होती. त्यातून ओरखडे आणि चावे होत राहिले. योसेमिटीतला सरकारी खेळ १९४० मध्ये बंद झाला. उघड्या कचराकुंड्या मात्र पुढे तीसेक वर्षे राहिल्या.

दरम्यान १३ ऑगस्ट १९६७ च्या रात्री माँटाना राज्यातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात एकमेकांपासून दूर असलेल्या दोन ठिकाणी, दोन वेगवेगळ्या ग्रिझली अस्वलांनी उघड्यावर झोपलेल्या दोन तरुणींचा बळी घेतला. दोघीही १९ वर्षांच्या. त्यांतल्या एका ठिकाणाजवळच्या विश्रामगृहातले खरकटे अस्वलांना नियमित मिळत असे. ग्रिझली हे काळ्या अस्वलाहून मोठे आणि अधिक आक्रमक. पण त्या रात्रीने सगळ्याच उद्यानांना खडबडून जागे केले. योसेमिटीतल्या शेवटच्या उघड्या कचराकुंड्याही १९७० च्या सुमारास बंद झाल्या.

म्हणजे प्रश्न सुटायला हवा होता. तो वाढला.

केसांत साठलेला पुरावा

तो किती वाढला, हे अस्वलांच्या केसांनी आणि हाडांनी सांगितले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतील जॅक हॉपकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध केले. त्यामागची कल्पना साधी आहे. मका आणि ऊस या वनस्पती हवेतला कार्बन ज्या पद्धतीने घेतात, त्यामुळे त्यांच्यात ‘कार्बन-१३’ या जड कार्बनचे प्रमाण थोडे जास्त राहते. योसेमिटीतल्या रानफळांत आणि ओकच्या फळांत ते कमी असते. अमेरिकन माणसाच्या ताटात मका सगळीकडे आहे: सरबतातली साखर मक्याची, आणि गाय-कोंबडीचे खाद्यही मक्याचे. तेव्हा माणसाचे अन्न खाणाऱ्या अस्वलाच्या केसांत जड कार्बन वाढतो. मांसाहार वाढला की नायट्रोजनचीही अशीच खूण उमटते. संग्रहालयांत जपलेले जुने अवशेष आणि जंगलात गोळा केलेले ताजे केस तपासून या संशोधकांनी शतकभराचा आहार मांडला.

माणसाच्या अन्नाला चटावलेल्या अस्वलांच्या आहारात त्या अन्नाचा वाटा सुरुवातीच्या काळात सुमारे १३ टक्के होता. खेळ आणि कचराकुंड्यांच्या काळात, म्हणजे १९२३ ते १९७१ मध्ये, तो २७ टक्के झाला. १९७५ ते १९८५ या काळात ३५ टक्के. आणि १९९९ ते २००७ मध्ये पुन्हा १३ टक्के.

यातला तिसरा आकडा विचार करायला लावणारा आहे. खेळ बंद, कुंड्या बंद, तरीही वाटा सर्वाधिक. कारण सरकारने पंगत उठवली तरी पाहुण्यांची शिदोरी उघडीच राहिली. योसेमिटीला वर्षाला येणाऱ्यांची संख्या १९५४ मध्ये प्रथम दहा लाखांवर गेली. १९९६ मध्ये ती चाळीस लाखांच्या घरात होती. हातचे खरकटे गेल्यावर अस्वले तंबूंकडे आणि गाड्यांकडे वळली. शरद ऋतूत, हिवाळ्याच्या झोपेपूर्वी, अस्वल दिवसाला वीस हजार कॅलरींपर्यंत खाऊ शकते. दिवसभर ओकची फळे वेचत हिंडण्यापेक्षा गाडीचा दरवाजा वाकवून आतला केक काढणे त्याला सोपे पडते.

१९९८ मध्ये उद्यानात अस्वलांच्या उपद्रवाच्या जवळपास १,६०० घटना नोंदल्या गेल्या आणि नुकसान सहा लाख डॉलरच्या वर गेले. २००१ ते २००७ या काळात फोडलेल्या गाड्यांच्या एका अभ्यासात दिसले की रात्री उभ्या असलेल्या गाड्यांत मिनीव्हॅन सुमारे ७ टक्के होत्या, पण फोडलेल्या गाड्यांत त्यांचा वाटा एक चतुर्थांशाच्या आसपास होता. संशोधकांनी सुचवलेल्या कारणांपैकी एक घराघरांत पटेल असे आहे: मिनीव्हॅनमध्ये मुले असतात आणि मुले खाऊ सांडतात.

१९९९ पासून अमेरिकी काँग्रेसने या कामासाठी खास निधी दिला. लोखंडी पेट्या, पक्क्या झाकणांच्या कचराकुंड्या, रात्रीची गस्त आणि पर्यटकांचे प्रबोधन यांवर तो खर्च झाला. मुक्कामाच्या जागांपासून दूर, पायी डोंगरात जाणाऱ्यांना अस्वलाला न उघडणारा डबा पाठीवर नेणे सक्तीचे आहे; झाडाला पिशवी टांगण्याची जुनी युक्ती तिथे नियमबाह्य ठरली आहे, कारण अस्वले ती केव्हाच शिकली. घटना १९९८ च्या तुलनेत नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या.

न देण्यातली भूतदया

चटावलेल्या अस्वलाचा शेवट बहुधा वाईट होतो. त्याची भीड चेपते, ते तंबूत शिरू लागते, आणि एक दिवस ‘धोकादायक’ ठरवून त्याला ठार केले जाते. दूर नेऊन सोडले तरी पुष्कळदा ते परत येते. गेल्या शतकात योसेमिटीत अशी अनेक अस्वले मारली गेली. ज्यांनी प्रेमाने बिस्किट दिले, त्यांतल्या कोणाला हा शेवट दिसला नाही.

मराठी पाहुण्याला हे पचायला जड जाते, त्याला कारण आहे. गोग्रास, काकबळी, पाखरांना दाणे, मुंगीला साखर: मुक्या जिवाला घास देणे हे आपल्याकडे पुण्य. पण हा आचार अंगणातल्या, माणसाच्या सावलीत जगणाऱ्या जिवांसाठी घडला. रानातल्या जनावराला तो लावला की काय होते, हे आपल्या घाटांत आणि थंड हवेच्या ठिकाणी केळी-बिस्किटांवर वाढलेल्या माकडांनी दाखवले आहेच. पिशवी ओढली की आपण त्यांना चोर म्हणतो. चटक कोणी लावली ते विसरतो.

म्हणून योसेमिटीत मुक्काम करणाऱ्याने इतके करावे. जेवण झाले की ताटे घासून, टेबल पुसून सगळे पेटीत टाकावे आणि खिट्टी ओढून पाहावी. अस्वल तंबूंच्या वस्तीत आले तर सर्वांनी एकत्र उभे राहून मोठ्याने ओरडून त्याला हुसकावावे. हे निष्ठुर वाटले तरी त्याच्या हिताचे असते. रानात दिसले तर मात्र किमान पन्नास यार्डांवरून, गप्प राहून पाहावे. आणि परतीच्या रस्त्यावर वेग कमी ठेवावा, कारण १९९५ पासून चारशेहून अधिक अस्वलांना तिथे गाड्यांची धडक बसली आहे.

एवढे पाळून दोन रात्री काढल्या आणि अस्वल दिसलेच नाही, तर मुले हिरमुसतात. त्यांना सांगावे की ते जवळच कुठेतरी ओकची फळे वेचत असेल, आणि त्याने तेच करत राहावे म्हणून आपण रोज रात्री पेटी बंद करत होतो.