क जीवनसत्त्वाचा पेशीस्तरांतून होणारा प्रवास : एक विवेचन

बहुतेक सस्तन प्राणी ग्लुकोजपासून क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतात. या प्रक्रियेतील अखेरच्या विकराचे जनुक मानवात निष्क्रिय झाले असल्याने मानवाला ते आहारातूनच मिळवावे लागते. एवढे आपण सर्वजण शिकवितो. मात्र खाल्लेले जीवनसत्त्व रक्तात व पुढे मेंदूत कसे पोहोचते, याची चर्चा वर्गात क्वचितच होते. २०२० साली कोविडच्या साथीत ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या घरोघरी पोहोचल्या, तेव्हा ‘दोन घेतल्या तर दुप्पट फायदा होईल का?’ असे एका विद्यार्थिनीने ऑनलाइन तासाला विचारले होते. त्या दिवशी मी दिलेले उत्तर अपुरे होते. प्रस्तुत लेखात ते पूर्ण करण्याचा प्रयत्न केला आहे.

पाठ्यपुस्तकातील आकृतीत आतड्याकडून रक्ताकडे एकच बाण दाखविलेला असतो. त्या बाणाच्या वाटेवर अभिस्तर पेशीची दोन पटले असतात. शरीरात हे जीवनसत्त्व प्रामुख्याने ॲस्कॉर्बेट या ऋणभारित रूपात असते व असा कण मेदयुक्त पटल सहजी ओलांडू शकत नाही. त्यासाठी वाहक प्रथिन लागते. अशा दोन वाहकांची जनुके १९९९ मध्ये ओळखली गेली. त्यांपैकी एसव्हीसीटी-१ हा वाहक आतड्याच्या व मूत्रनलिकेच्या पेशींवर, पोकळीकडील बाजूस असतो. पेशीबाहेर सोडिअम अधिक, आत कमी. या उतारावरून दोन सोडिअम आयन आत येताना ॲस्कॉर्बेटचा एक कण सोबत आणतात. रक्ताच्या बाजूने तो बाहेर कोणत्या मार्गाने पडतो, याचा उलगडा शास्त्रज्ञांना अद्याप पूर्णपणे झालेला नाही.

वाहकांची संख्या मर्यादित असते, आणि विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. १९९६ साली अमेरिकेत सात निरोगी स्वयंसेवकांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २०० मिलिग्रॅमची एक मात्रा पूर्णपणे शोषली गेली. ५०० व त्याहून अधिक मात्रांचे शोषण घटत गेले आणि जे शोषले गेले तेही मूत्रावाटे बाहेर पडले. मूत्रपिंडात गाळले गेलेले जीवनसत्त्व हाच वाहक परत घेतो. त्याची क्षमता संपली की उरलेले वाहून जाते. पांढऱ्या रक्तपेशी तर दररोजच्या १०० मिलिग्रॅमलाच संपृक्त झाल्या होत्या. थोडक्यात, दुसरी गोळी बहुतांशी वाया जाते.

मेंदूची व्यवस्था निराळी आहे. तेथील रक्तकेशिकांच्या भिंतीत ॲस्कॉर्बेटचा वाहक आढळत नाही. मेंदूच्या पोकळ्यांतील झल्लरीसदृश जालिकेच्या अभिस्तरावर एसव्हीसीटी-२ हा दुसरा वाहक असतो. तो रक्तातून ॲस्कॉर्बेट उचलतो व ते प्रमस्तिष्क मेरुद्रवात उतरते. तेथील प्रमाण रक्तद्रवाच्या सुमारे चौपट असते, चेतापेशींत त्याहूनही पुष्कळ अधिक. या वाहकाचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांवरील निरीक्षणे २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. उंदराचे यकृत क जीवनसत्त्व स्वतः तयार करते. तरीही या पिलांच्या मेंदूत ते जवळजवळ आढळले नाही, आणि जन्मानंतर काही मिनिटांतच ती दगावली.