एका रात्रीपुरत्या कमांड

ऑफिसातलं नेट बसलं की सिस्टिम अ‍ॅडमिनच्या टेबलापाशी पहिलं वाक्य ठरलेलं: ‘आधी पिंग मारून बघ.’ उत्तर आलं तर रस्ता चालू आहे, दोष पुढे शोधायचा. नाही आलं तर केबल, मग कार्ड, मग राउटर. गेली चाळीस वर्षं हाच क्रम आहे. मधल्या काळात मोडेम गेले, फायबर आलं, सर्व्हर क्लाउडवर चढले. पण युनिक्सच्या काळ्या पडद्यावर पिंगसारख्या कमांड अजूनही रोज टाइप होतात, आणि त्यांपैकी काही तर कुणीतरी समोरची एक अडचण निस्तरायला रातोरात लिहिल्या होत्या.

१९८३ साली १ जानेवारीला इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटने जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी/आयपी स्वीकारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून ४.२बीएसडी हे युनिक्स बाहेर पडलं आणि त्यात टीसीपी/आयपी आयतं बसवलेलं होतं. मशीनला पत्ता द्यायचा तर इफकॉन्फिग, पॅकेटला वाट दाखवायची तर राउट, कुठली जोडणी चालू आहे ते पाहायचं तर नेटस्टॅट. अ‍ॅडमिनची पहिली हत्यारपेटी ही.

त्यात पिंग नव्हतं. ते आलं डिसेंबरात, अमेरिकी लष्कराच्या मेरीलँडमधल्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत. तिथलं नेटवर्क विचित्र वागू लागलं, तेव्हा माइक म्यूस यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला: समोरच्या मशीनकडे आयसीएमपीची हाक धाडायची आणि प्रतिसादाला किती वेळ लागला ते मोजायचं. पाणबुडीच्या सोनारचा आवाज डोक्यात होता, म्हणून नाव पिंग. प्रोग्रॅम कंपाइल झाला, पण चालेना. तशा पॅकेटची सोयच कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, नव्हती. चिडून म्यूस यांनी कर्नलमध्ये ती सोयही घातली. उजाडायच्या आत सगळं तयार झालं, पण पहिलं पिंग सुटण्याआधीच एका सहकाऱ्याने बिघडलेलं हार्डवेअर दुरुस्त करून टाकलं होतं.

पुढे एका परिषदेत भेटलेल्या अ‍ॅडमिनचा किस्सा म्यूस आवर्जून सांगत. त्याच्याकडचं इथरनेट मधूनमधून तुटायचं. त्याने पिंगची उत्तरं बोलणाऱ्या यंत्राला जोडली, स्टीरिओचा आवाज चढवला आणि सेकंदाला एकदा ‘पिंग’ असा ओरडा चालू ठेवून इमारतभर कनेक्टर हलवत फिरला. ज्या कनेक्टरला हात लावताच ओरडा थांबला, तोच नेमका खराब.

ट्रेसराउटची जन्मकथाही जागरणाचीच. लॉरेन्स बर्कली लॅबोरेटरीतले व्हॅन जेकबसन राउटिंगमधला एक घोळ शोधत होते. स्टीव्ह डिअरिंग यांनी सुचवलेली कल्पना त्यांनी कोडमध्ये उतरवली. ४८ तास झोप नसताना हे हातून उतरलंय, तेव्हा नमुना म्हणून वापरू नका, अशी ताकीद त्यांनी कोडमध्येच लिहून ठेवली. खालची नोंद २० डिसेंबर १९८८ची, पहाटे ३:५०ची.

युक्ती मात्र फक्कड होती. प्रत्येक आयपी पॅकेटवर आयुष्याचा एक आकडा असतो आणि दर राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की राउटर पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. ट्रेसराउट आधी आकडा १ लावून पॅकेट सोडतं, मग २, मग ३. त्यामुळे वाटेतला एकेक राउटर आपणहून स्वतःचा पत्ता सांगतो. जिथे उत्तराऐवजी नुसते तीन तारे उमटतात, तिथे एक तर रस्ता तुटला आहे, नाही तर राउटर गप्प बसला आहे.

याच लॅबोरेटरीतून त्याच सुमारास टीसीपीडम्प आलं आणि तारेवरून जाणारं प्रत्येक पॅकेट उघडून वाचता येऊ लागलं. अ‍ॅडमिनची सोय झाली, तशी चोराचीही. दूरच्या मशीनवर काम करायला तेव्हा टेलनेट वापरत आणि त्यात पासवर्ड जसाच्या तसा जायचा. १९९५मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात पासवर्डांवर असाच डल्ला पडला. तिथल्या टाटू यलोनेन यांनी एसएसएच लिहून जुलैत खुलं केलं. पोर्टही त्यांनी मोक्याचं मागून घेतलं: एफटीपीचं २१ आणि टेलनेटचं २३ यांच्या मधलं, २२.

महिनाभरात, १५ ऑगस्टला, भारतात व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. मुंबईतल्या शेल अकाउंटवाल्यांना चित्रं दिसत नसत. फोन लावून युनिक्स मशीनवर शिरायचं, पाइनमध्ये मेल वाचायची आणि लिंक्स ब्राउझरवर वेबची नुसती अक्षरं पाहायची.

लिनक्सवर पुढे खांदेपालट झाला. १९९९च्या २.२ कर्नलमधलं नवं राउटिंग जुन्या हत्यारांना पेलेना, म्हणून अलेक्सेई कुझ्नेत्सोव्ह यांचं आयपीराउट२ आलं. त्यातल्या ‘आयपी’ कमांडने एकाच कार्डाला दुसरा पत्ता दिला आणि त्याला वेगळं लेबल लावलं नाही, तर इफकॉन्फिगला तो दिसतच नाही. नेटस्टॅटची जागाही ‘एसएस’ने घेतली. २०१७च्या डेबियन ९पासून इफकॉन्फिग मूळ इन्स्टॉलेशनमधून वगळलं गेलं.

फ्रीबीएसडी आणि मॅकवर मात्र ते आजही ठाण मांडून आहे. फ्रीबीएसडीत वायफायची जुळणीसुद्धा तेच करतं. दोन्हीकडची मशीन सांभाळणारे बरेच जण म्हणून नव्या लिनक्स सर्व्हरवर आधी इफकॉन्फिग असलेलं नेट-टूल्सचं पॅकेज चढवून घेतात, मग कामाला लागतात.