कोकणात गेंडा कुणी पाहिला?

जंगलातला गेंडा बघायचा तर आज आसामातल्या काझीरंगासारख्या ठिकाणी जावं लागतं. आणि रत्नागिरीच्या सड्यांवर बघा, कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी चक्क गेंडा कोरून ठेवलाय! न बघितलेला प्राणी कुणी कसा काढेल?

सडा म्हणजे जांभा दगडाचं सपाट पठार. तो कसा बनला, ते आधी ऐका. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला आणि थंड होऊन त्याचा काळा बेसाल्ट झाला. मग लाखो वर्षं कोकणातलं ऊन आणि पाऊस त्या दगडावर काम करत राहिले. पाण्याबरोबर त्यातली सिलिका वाहून गेली. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. तोच आपला जांभा. जवळून पाहिलात तर वरून काळपट, आत लालपिवळा आणि सगळीकडे छिद्रंच छिद्रं!

अशा सपाट सड्यावर माणसांनी चित्रं कोरली. त्यांना म्हणतात कातळशिल्पं. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती तर सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे. दीड मीटर उंचीची बारा मुलं एका ओळीत झोपली, तरच त्याची लांबी भरेल. त्याच्या आकृतीच्या आत आणखी कितीतरी प्राणी दाटीवाटीने कोरलेत. इतका मोठा हत्ती जमिनीवर उभं राहून एका नजरेत मावत नाही. मग कोरणाऱ्याने त्याचं माप धरलं तरी कसं? मला तर हे कोडं गेंड्याहूनही भारी वाटतं.

बारसूच्या सड्यावर एक माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाघ आहेत. इतर ठिकाणी मोरी आणि पाकट हे समुद्रातले मासेही दिसतात. म्हणजे या लोकांना जंगल ठाऊक होतं आणि समुद्रही. शेतीची चित्रं मात्र सापडलेली नाहीत, म्हणून अभ्यासकांना वाटतं, की हे लोक शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगत असावेत. चित्रांच्या नेमक्या वयाबद्दल अजून वाद आहे. गेंड्याचं चित्र मात्र एक मोठा इशारा देतं: तेव्हाचं कोकण आजच्यासारखं नसेल, गेंड्याला आवडतील अशी दलदल आणि उंच गवत इथे असेल.

गावकऱ्यांना यातली काही चित्रं पिढ्यान् पिढ्या माहीत होती. सिंधुदुर्गातल्या कुडोपीच्या जागेला लोक बाहुल्यांचं टेंब म्हणतात. सुधीर रिसबूड आणि मनोज मराठे यांच्यासारखे उत्साही शोधक सड्यांवर फिरले, गुराख्यांना विचारत गेले आणि मातीगवताखाली दडलेली चित्रं एकेक करून बाहेर आली. 2022 मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

तुमचं गाव कोकणात असेल, तर या सुट्टीत आजी-आजोबांना विचारा, जवळच्या सड्यावर काही कोरलेलं आहे का. दिसलंच, तर त्यावर पाय देऊ नका, खडूने रेघा उमटवू नका. वहीत चित्र काढा, जागा लिहून ठेवा आणि गावातल्या मोठ्यांना सांगा.